दहा मिनिटं गोडं पाणी मारलं नाही आणि इंजिन गेलं. रिपेअर करू की नवीन घेऊ?

देवबागचा_भाचा (शुक्रवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे फक्त वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पुण्यात नोकरीला, मामाचं घर देवबागला. चार वर्षांपूर्वी मामेभावाने आणि मी निम्मे-निम्मे पैसे घालून एक फायबरची बोट घेतली आणि तिला ४० एचपीचं टूस्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन) लावलं. डॉल्फिन, संगम, त्सुनामी आयलंड अशा फेऱ्या. धंदा दादा बघतो, बोट गावातलाच एक पोरगा चालवतो, मी महिन्या-दोन महिन्यांनी जातो, मासे खातो, हिशेब बघतो आणि परत येतो.

परवा दिवाळीच्या सुट्टीच्या ऐन गर्दीत कर्लीच्या मुखाशी इंजिनाचा आवाज बदलला, कर्रर्र झालं आणि बंद. बोटीत सहा पर्यटक. सेल्फ मारला तर नुसतं टक्, दोरी ओढायला गेला तर दोरी येईचना. दगड. वर सुकती (ओहोटी) लागलेली, त्यामुळे बोट हळूहळू समुद्राकडे निघाली. पोराने लगेच नांगर टाकला म्हणून थांबली, मग दुसऱ्या बोटवाल्याने दोर लावून आणली. सगळे सुखरूप, एका आजींनी मात्र तेवढ्यात सगळे देव आठवून घेतले.

मिस्त्रीने वरवर उघडून बघितलंय. वरच्या सिलेंडरचा पिस्टन चिकटलाय, गिअरबॉक्समधे पण पाणी आहे म्हणतो. अंदाज १ लाख ४२ हजार. नवीन इंजिन तीन लाखांच्या पुढे जातं. एक जुनं दीड लाखाला मिळतंय.

प्रश्न दोन. एक, रिपेअर, नवीन की जुनं? दोन, दादा म्हणतो पोराच्या पगारातून कापायचे, कारण संध्याकाळी इंजिनाला गोडं पाणी मारायचं काम त्याचं होतं आणि तो मारत नव्हता. मला हे पटत नाहीये, पण दादापुढे बोलायचं तर हातात काहीतरी पाहिजे.

बांगडा_फ्राय (शुक्रवार, रात्री ११:३१)

दीड लाखाचं जुनं घेऊ नका. कुणीतरी तुमच्यासारखाच भाचा तिकडे बसून ते विकत असणार.

उधाण (शुक्रवार, रात्री ११:५०)

^^ 😂😂 हे फ्रेम करून ठेवा.

मिरकरवाडा_मिस्त्री (शनिवार, सकाळी ७:०५)

भाऊ, रत्नागिरीत मी हेच काम करतो, २० वर्षं झाली. तुमचं इंजिन बघितलेलं नाही त्यामुळे तुमच्या मिस्त्रीच्या वर बोलणार नाही. आधी एवढं सांगा.
इंपेलर (पाणी ओढायची रबरी चकती) शेवटचा कधी बदलला?
मागून पाण्याची धार कशी पडत होती, जोरात की बारीक?
गिअर ऑइल काढलं तेव्हा रंग काय होता?
गरम झाल्यावर बझर वाजला का नाही?
पावसाळ्यात इंजिन कुठे होतं आणि कसं ठेवलं होतं?

देवबागचा_भाचा (शनिवार, सकाळी ९:४०)

मिस्त्रीकाका, सांगायला लाज वाटते. इंपेलर चार वर्षांत एकदाही नाही. बोटीला इंपेलर असतो हेच मला परवा कळलं. धार म्हणे गणपतीनंतर बारीक झाली होती. गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं. पावसाळ्यात इंजिन मांगरात ताडपत्रीखाली आडवं टाकलेलं, मे महिन्यातलं पेट्रोल आतच. उंदरांनी पेट्रोलची नळी कुरतडलेली, ती बदलली होती, म्हणजे तेवढा मेंटेनन्स आम्ही केला 🙈

महाबळेश्वरी_थंडी (शनिवार, सकाळी १०:१५)

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्याकडे तापोळ्याला काकांचं २५ एचपी आहे, शिवसागर जलाशयात. वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही, प्लग बदलायचा आणि जायचं. ही गोड्या पाण्याने फ्लश करा, झिंकचा तुकडा बदला भानगड मला कंपन्यांनी पार्ट खपवायला काढलेली वाटते. इंजिन चांगलं असेल तर चालतं, नसेल तर नाही.

मिरकरवाडा_मिस्त्री (शनिवार, सकाळी ११:००)

महाबळेश्वरी, तुमचं पाणी कोयनेचं, त्यांचं खाडीचं. काकांना सांगा ते इंजिन एक सीझन मालवणला पाठवून द्या, मग बोलू.

(गोड्या पाण्यात पण इंपेलरचं रबर म्हातारं होतंच आणि गिअरचं सील जातंच. फक्त मीठ नसतं म्हणून वेळ जास्त मिळतो.)

महाबळेश्वरी_थंडी (शनिवार, सकाळी ११:०४)

एवढं चिडायचं कारण नाही काका 🙏

मिरकरवाडा_मिस्त्री (शनिवार, दुपारी १:३०)

चिडलो नाही, गिऱ्हाईक समोर होतं म्हणून तुटक लिहिलं. आता जेवून बसलोय तर नीट सांगतो, बाकीच्यांनापण उपयोग होईल.

आऊटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. ज्या पाण्यात चालतं तेच पाणी खालून ओढतं, ब्लॉकमधून फिरवतं आणि बाहेर सोडतं. हे ओढायचं काम करतो तो इंपेलर. तळहातावर मावेल एवढी रबरी चकती, तिला पाच-सहा पाकळ्या. स्टीलच्या वाटीत त्या वाकून बसतात आणि फिरताना पाणी वर ढकलतात. नवीन पाकळी बोटाने दाबलीत तर टपकन सरळ होते. जुनी काढलीत तर ती वाकलेलीच राहते, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांसारखी. मग पाणी कमी चढतं, धार बारीक होते. देवबागला तर कमी पाण्यात बोट किनाऱ्याला लावायची म्हणजे इंजिन वाळू खातंच, आणि वाळू पाकळी पण घासते आणि वाटी पण. किनाऱ्यावर कोरड्यात इंजिन चालू करून "बघू चालतंय का" करणारे पण खूप आहेत. पाण्याशिवाय इंपेलरला अर्धा-एक मिनिट पुरतं, संपला विषय.

पुढचा भाग मिठाचा. इंजिन बंद केल्यावर ब्लॉकमधे जे खारं पाणी उरतं ते गरम ब्लॉकवर सुकतं आणि मीठ तिथेच बसतं. रोज थोडं थोडं. थर्मोस्टॅटवर (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप) खडे धरतात, मग तो उघडतच नाही नाहीतर अर्धा उघडतो. मी असे ब्लॉक उघडलेत की पाण्याच्या वाटेत पेन्सिल जायची तिथे काडेपेटीची काडी जाईना. म्हणून गोडं पाणी. आणि ते कसं मारायचं हेपण बघा, नुसतं वरून पाईपने अंघोळ घालून काही होत नाही. पिंपात गोडं पाणी भरायचं, खालचा भाग पाणी ओढायच्या जाळीच्या वरपर्यंत बुडवायचा आणि न्यूट्रलमधे सावकाश दहा मिनिटं चालू ठेवायचं. दहा मिनिटं का, तर थर्मोस्टॅट साधारण ५०-६० डिग्रीला उघडतो, तो उघडल्याशिवाय गोडं पाणी सगळीकडे पोचत नाही. दोन मिनिटात बंद केलंत तर मनाचं समाधान, बाकी काही नाही.

तुमच्या केसमधे मला वाटतं इंपेलर आणि मीठ दोन्ही एकत्र आलंय. वरचं सिलेंडर बऱ्याचदा आधी जातं कारण पाणी खालून चढतं, कमी पडलं की वरचा तहानलेला.

बझरचं तुम्ही सांगितलं नाहीत.

वेंगुर्ल्याचो_रापणकार (शनिवार, दुपारी २:४५)

भाच्या, त्या चायच्या रंगाच्या ऑइलाचा माका विचार. पंखो काढून बघितलास काय? आत वॉशराच्या मागे तंगूस गावतलो. माझ्या होडयेक तसाच झालेला. दुसऱ्याच्या तुटलेल्या जाळ्याचो तंगूस पंख्याक गुंडाळलो, माका वाटला सुटलो, पण वीतभर आत रवलो आणि सीलात रुतलो. सील कापला, पाणी आत गेला, गिअरांका गंज. पुढचो गिअर पडताना खडखड वाजूक लागलो तेव्हा कळला. ६५ हजार गेले, एका वीतभर तंगसापायी.

आता मी दर म्हयन्याक पंखो काढतंय. एक नट आणि एक पिन, पाच मिनटां लागतत.

पुणेकर_पण_मासेखाऊ (शनिवार, दुपारी ३:१०)

तंगूस म्हणजे? नायलॉनची दोरी का?

वेंगुर्ल्याचो_रापणकार (शनिवार, दुपारी ३:१२)

होय, गळाक लावतत तो बारीक पांढरो.

देवबागचा_भाचा (शनिवार, दुपारी ४:००)

रापणकार, आत्ता फोन करून विचारलं. मिस्त्रीने पंखा काढला होता. तंगूस होता!! काळा पडलेला, काढायला ब्लेड लागलं. तुम्ही अंतर्यामी आहात.

उधाण (शनिवार, दुपारी ४:२०)

या धाग्यावर दोनदोन मिस्त्री फुकट बसलेत आणि भाचा तिकडे १ लाख ४२ हजार द्यायला निघालाय.

चहा_बिस्कीट (शनिवार, संध्याकाळी ५:३०)

थोडं अवांतर. आऊटबोर्ड लोकांच्या हातात आणणारा माणूस म्हणजे ओले एव्हिन्रूड, नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे वाढलेला. सांगतात की तळ्यावर सहलीला गेले असताना मैत्रिणीला आइस्क्रीम खावंसं वाटलं, हा वल्ही मारत आणायला गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीमचं सरबत. तेव्हा डोक्यात आलं की होडीला मोटर पाहिजे. १९०९ पासून विकायला लागला. त्याच्या आधी पण एकदोघांनी बनवल्या होत्या पण आइस्क्रीमची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. एव्हिन्रूड नावाच्या इंजिनांचं उत्पादन २०२० मधे बंद झालं.

बांगडा_फ्राय (शनिवार, संध्याकाळी ५:३६)

थोडक्यात काय, भाच्याचे १ लाख ४२ हजार एका आइस्क्रीमपायी गेले.

टोरांटोचा_तात्या (शनिवार, संध्याकाळी ६:५०)

वाचून माझीच जखम उघडी झाली. इकडे मीठ नाही पण थंडी आहे. लेक सिमकोवर एका मित्राबरोबर भागीत छोटी बोट, ९.९ एचपी. पहिल्या वर्षी दोघांना वाटलं दुसरा बघेल. गिअर ऑइल बदललं नाही, आत थोडं पाणी गेलेलं होतं, जानेवारीत ते गोठलं. पाणी गोठताना फुगतं हे शाळेत शिकलो होतो, पण वसंतात बोट काढली तेव्हा खालच्या केसिंगला उभी चीर बघून खरं शिकलो. सगळा खालचा भाग नवीन. त्या पैशात आम्ही दोघं मुंबईला जाऊन आलो असतो.

आता ऑक्टोबरात ऑइल काढायचं, ते पांढरट आहे का बघायचं, नवीन भरायचं. भरताना खालच्या भोकातून भरतात, वरच्यातून नाही, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. आणि स्क्रूचे वॉशर नवीनच टाका, तिथूनपण पाणी शिरतं. चिल्लर पैशाची वस्तू असते.

भागीत घेतलेल्या वस्तूचा मेंटेनन्स कोणाचाच नसतो हो. भाचा, तुमचं दुखणं तेच दिसतंय.

तारकर्लीची_वहिनी (शनिवार, रात्री ९:१५)

आमची पण बोट आहे, ह्यांची. होमस्टे मी बघते आणि बोटीचा हिशेब पण मीच ठेवते म्हणून लिहिते आहे. सगळे म्हणतात दर १०० तासांनी हे बदला ते बदला. पण आमच्या इंजिनाला तास मोजायचं मीटरच नाही! मग कोणाला कळणार शंभर तास कधी झाले. ह्यांना विचारलं तर म्हणतात "अजून झाले नसतील", हे उत्तर बारा महिने तेच.

म्हणून मी टाक्या मोजते. लाल टाकी २४ लिटरची असते ना, ती भरली की स्वयंपाकघरात कॅलेंडरवर त्या तारखेला एक रेघ. दुधाची मारतो तशीच, दूध निळ्या पेनाने, पेट्रोल लाल. साठ रेघा झाल्या की गिअर ऑइल, प्लग आणि पेट्रोल फिल्टर. इंपेलर वर्षातून एकदा, सीझन चालू व्हायच्या आधी, बंद झाल्यावर नाही, कारण नवीन रबर तीन महिने एकाच बाजूला दबून राहतं.

पहिल्या वर्षी ह्यांनी चेष्टा केली. आता रेघ मारायची राहिली तर स्वतः आठवण करतात.

चहा_बिस्कीट (शनिवार, रात्री ९:४०)

वहिनी, साठ टाक्या म्हणजे १४४० लिटर. ४० एचपी टूस्ट्रोक फेऱ्यांच्या वेगाला तासाला साधारण १४-१५ लिटर पीत असेल तर शंभर तास बरोब्बर येतात. मानलं.

तारकर्लीची_वहिनी (शनिवार, रात्री ९:४३)

मी एवढं गणित नाही केलं, मिस्त्रीनेच साठ सांगितलं होतं 😄

नाखवा_वर्सोवा (रविवार, सकाळी ६:३०)

पगार कापायच्या प्रश्नावर कोणी बोलतच नाहीये म्हणून मी बोलतो. पोरगा सकाळी सहाला बोट काढतो, संध्याकाळी सहाला लावतो. दिवसभर पर्यटकांना चढव उतरव, जॅकेट घाल, पोरांचे फोटो काढ. त्याच्यानंतर पिंप कुठून भरणार, नळाला पाणी किती वाजता येतं, पिंप आहे का तरी? मालकाने हे बघितलंय का? नुसतं "तुझं काम होतं" म्हणायला काय जातं. आमच्याकडे होडी लागली की तांडेलापासून पोरापर्यंत सगळे खपतात, इंजिन धुतल्याशिवाय कोणी घरी जात नाही, पण ते सगळ्यांचं असतं.

उधाण (रविवार, सकाळी ८:००)

नाखवा, एकदम मान्य नाही. पगार घेतो तर काम केलं पाहिजे. ऑफिसात आम्ही "नळाला पाणी नव्हतं" सांगून सुटत नाही. पोराने निदान मालकाला सांगायला हवं होतं की धार बारीक झालीये.

देवबागचा_भाचा (रविवार, सकाळी ८:४५)

सांगितलं होतं. काल रात्री मी पोराशी बोललो. तो म्हणाला, "मी दादाक तीनदा सांगलंय, धार बारीक झाली हा म्हणान. दादा म्हणालो, दिवाळी होवंदे." आणि पिंप नाहीच आहे. पहिल्या वर्षी होतं, मग मामीने त्यात आमसुलांची सालं ठेवली.

उधाण (रविवार, सकाळी ८:५२)

माझे शब्द मागे. पगार दादाचा कापा.

बांगडा_फ्राय (रविवार, सकाळी ८:५५)

आणि मामीचा 😜

पेट्रोलपंपवाला_नाही (रविवार, दुपारी १२:१०)

अजून कोणी इथेनॉलचा मुद्दा काढला नाही म्हणून. आता पंपावर सगळीकडे ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. आपल्या कोकणातल्या जून-जुलैच्या हवेत अर्धी भरलेली टाकी ठेवली तर पाणी धरून खाली वेगळा थर बसू शकतो आणि नळी नेमकी तळातूनच ओढते. मग कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) चोंदतात. जेट चोंदलं की पेट्रोल कमी, आणि टूस्ट्रोकमधे पेट्रोलाबरोबरच ऑइल जातं म्हणजे ऑइल पण कमी. पिस्टन चिकटायला हेपण कारण होऊ शकतं. मे मधलं पेट्रोल सप्टेंबरात वापरलंत हे मला इंपेलरइतकंच वाईट वाटतं.

महाबळेश्वरी_थंडी (रविवार, दुपारी १२:३०)

चला, आता सरकार आलं मधे.

मिरकरवाडा_मिस्त्री (रविवार, दुपारी १:१५)

पेट्रोलवाले बरोबर बोलतायत, त्यात राजकारण काही नाही. पावसाळ्यात ठेवताना पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, पण पिंपातल्या पाण्यात बरं का, कोरडं नाही! कार्ब रिकामा होतो. प्लग काढून सिलेंडरमधे थोडं ऑइल सोडा, दोरी चारदा ओढा. इंजिन उभं टांगा, आडवं नको, उभं असलं की आतलं पाणी उतरतं. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटनवाल्यांची बोट तर २६ मेपासून ऑगस्टअखेर बंद. एवढे तीन महिने इंजिन नुसतं टांगलेलं असतं, तेवढ्यात सगळं करून होतं. पण लोक ३१ ऑगस्टला रात्री फोन करतात, "काका उद्या सीझन, इंजिन चालू होईना."

झिंकबद्दल पण सांगून टाकतो. पंख्याच्या वर जो पांढरट तुकडा असतो तो स्वतः झिजतो आणि इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम वाचवतो. अर्धा झिजला की बदला. आणि देवासाठी त्याला रंग मारू नका! दरवर्षी दोन-चार जण नारळी पौर्णिमेला बोट रंगवताना त्याला पण छान निळा रंग मारून आणतात, रंग मारला की तो काहीच काम करत नाही.

पुणेकर_पण_मासेखाऊ (रविवार, दुपारी १:४०)

इन्शुरन्स नाही का मिळणार?

टोरांटोचा_तात्या (रविवार, संध्याकाळी ७:००)

झीज आणि निष्काळजीपणा यातून झालेलं नुकसान साधारणपणे पॉलिसीत धरत नाहीत. बोट आपटली, बुडाली तर वेगळं. मी प्रयत्न करून बघितलाय, त्या बाई फोनवर फार गोड बोलल्या आणि नाही म्हणाल्या.

मिरकरवाडा_मिस्त्री (रविवार, रात्री ८:२०)

मूळ प्रश्न राहूनच गेला. रिपेअर की नवीन. तुमच्या मिस्त्रीला तीन गोष्टी बघायला सांगा. खालच्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब). क्रँक हाताने फिरवून बेअरिंगमधे खरखर आहे का. आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटेत गंजाने खड्डे किती खोल पडलेत. ब्लॉक चांगला असेल तर बोअर करून, म्हणजे सिलेंडर आतून थोडं कोरून, अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन टाकता येतो, असं इंजिन नीट ठेवलंत तर अजून काही वर्षं आरामात देईल. ब्लॉकच खाल्लेला असेल तर एक रुपया घालू नका. जुनं घेणार असाल तर पण हेच, दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं हवं, आणि गिअर ऑइल तुमच्यासमोर काढायला लावा. विकणारा "आत्ताच बदललंय" म्हणाला तर उठून या.

आणि भाऊ, बझर. तिसऱ्यांदा विचारतोय.

(धागा बरेच दिवस खाली गेला होता.)

देवबागचा_भाचा (सोळा दिवसांनी, मंगळवार, रात्री १०:३०)

मंडळी, उशीर झाला, मधे स्वतः जाऊन आलो.

ब्लॉक वाचला. वरचं-खालचं दोन्ही बोअर केलं, अर्ध्या मिलिमीटरचे पिस्टन टाकले. गिअरांचे दात ठीक निघाले, फक्त बेअरिंग आणि सीलं. बिल १ लाख १८ हजार. इंपेलर काढला तेव्हा मी समोर होतो. सहापैकी तीन पाकळ्या जागेवरच नव्हत्या. त्या कुठे गेल्या म्हणून मिस्त्रीने तार घालून शोधलं तर दोन तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकलेले, शेंगदाण्याएवढे काळे रबर. म्हणाला नुसता नवीन इंपेलर टाकला असता आणि हे तुकडे आत राहिले असते तर महिन्याभरात परत हेच. ज्यांनी इंपेलर तुटलेला काढलाय त्यांनी तुकडे मोजा.

बोट पाण्यात जाईपर्यंत एकोणीस दिवस बंद. त्या दिवसांत खर्च जाऊन दिवसाला सरासरी सात हजार तरी सुटले असते, म्हणजे १ लाख ३३ हजार. बिलापेक्षा हेच जास्त. दादाने हा आकडा ऐकला आणि अर्धा तास अंगणात जाऊन बसला. वर्षाचा नियमित खर्च पण काढला, इंपेलरचा सेट, दोनदा गिअर ऑइल, प्लग, फिल्टर, झिंक, ग्रीस, मजुरी, सगळं धरून ७,२०० रुपये.

आता बझर. मिस्त्रीकाका, तुम्ही तीनदा विचारलंत आणि मी तीनदा टाळलं. बझरची वायर काढलेली होती. मी काढायला लावली होती. मे महिन्यात मी बोटीत होतो, तो मधेमधे वाजायचा, पर्यटक घाबरायचे, एक बाई म्हणाल्या याच्या आवाजाने डॉल्फिन पळतात. मी पोराला म्हटलं काढ ती वायर, कटकट नको. त्याने विचारलं होतं, "काढू मां नक्की?" मी म्हटलं काढ. हे मी दादाला सांगितलं. पगाराचा विषय तिथेच संपला.

महाबळेश्वरी_थंडी (मंगळवार, रात्री १०:४८)

चार वर्षांत चार गुणिले ७,२०० म्हणजे २८,८०० वाचवलेत, ते वजा धरा. तरी सव्वादोन लाखांचा खड्डा. काकांना तापोळ्याला फोन केलाय, इंपेलर बदलायला सांगितलंय. ते म्हणाले इंपेलर म्हणजे काय.

नाखवा_वर्सोवा (मंगळवार, रात्री ११:०५)

भाचा, कबूल केलंस ते बरं केलंस. त्या पोराला काहीतरी दे. नांगर वेळेवर टाकला त्याने.

मिरकरवाडा_मिस्त्री (बुधवार, सकाळी ७:१०)

मला अंदाज होता. बझर वाजला होता आणि वायर काढली होती, अशी अर्धी इंजिनं माझ्याकडे येतात.

आता जोडलाय तर तपासून घ्या. किल्ली ऑन करून हेडवरच्या थर्मोस्विचची वायर सोडवून इंजिनाच्या बॉडीला टेकवा, बझर वाजला पाहिजे. महिन्यातून एकदा.

तारकर्लीची_वहिनी (बुधवार, सकाळी ९:००)

पिंपाचं काय झालं?

देवबागचा_भाचा (बुधवार, दुपारी १:२०)

नवीन घेतलं, २०० लिटरचं, निळं. धक्क्याजवळच ठेवलंय आणि शेजारच्यांच्या विहिरीवरून पाईप ओढलाय, त्यांना महिन्याला पाचशे. झाकणावर पोराने ऑइलपेंटने मोठ्या अक्षरात लिहिलंय "आमसुलां ठेवू नयेत".

बांगडा_फ्राय (बुधवार, दुपारी १:२५)

त्या सहा जणांचे पैसे परत दिलेत की नाही?

देवबागचा_भाचा (बुधवार, दुपारी १:३१)

दिले हो. वर सोलकढी पाजली. आजी म्हणाल्या डॉल्फिन राहिले, पुढच्या वर्षी येऊ, पण त्याच पोराच्या बोटीत बसणार.